विसरलस

टाच

मिरजेत आता कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही. "टाच काय म्हणते?" असं विचारतात. समोरचा "आज बरी आहे" म्हणाला, तर दोघं रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून चार शब्द बोलतात. नाही म्हणाला, तर मान हलवून पुढं सरकतात.

हे कठडे महापुरानंतर आले. कमरेच्या उंचीचे, लोखंडी, सगळ्या गल्ल्यांतून. सकाळी त्यांना धरून माणसं कामावर निघतात, चवड्यांवर, टाच उचलून, जणू सगळं गाव कुणाला तरी झोपेतून न उठवता चाललंय. दुकानांत मागचा पट्टा असलेली चप्पल मिळत नाही. मशिदीत खुर्च्या, देवळात खुर्च्या, आणि लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्ताखाली छापलेलं असतं, सर्वांना बसण्याची सोय आहे.

पाणी ओसरलं, माणसं छावण्यांतून घरी परतली. छावणीतली रक्ताची हगवण छावणीतच राहिली, असं सगळ्यांना वाटलं. हगवण थांबलीसुद्धा. मग महिन्याभरानं एकेकाची टाच धरली. टाचेनंतर गुडघा. मग हातापायाची बोटं. नुसता सांधा नाही, अख्खं बोट वेलची केळ्यासारखं फुगायचं. डोळे लाल. आणि तळव्यांवर आधी फोड, मग त्या फोडांवर पिवळट तपकिरी खवले, एकावर एक, जुन्या बाभळीच्या सालीसारखे.

सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंचे तळवे तसे होते. त्यांची मुलगी तहसीन रोज सकाळी ते कोमट पाण्यात भिजवायची, मऊ पडलेले खवले बोथट सुरीनं काढायची आणि खाली उघडी पडलेली लाल कातडी मलमानं झाकायची.

"हळू. लाकूड तासतेस का?"

"तुम्ही हलू नका मग."

"चार उन्हाळे वाळवत ठेव याला. चांगली दांडी निघेल सतारीची."

"अब्बा, गप बसा की."

ते गप बसायचे, कारण तिची सुरी भेगेजवळ आली की दुखायचंच. तहसीनची आई छावणीतच गेली, त्याच हगवणीनं. तहसीन शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. तिला दोन दिवस पोट बिघडल्यासारखं झालं, तेवढंच. तिची टाच कधी दुखली नाही, बोट सुजलं नाही. सगळी गल्ली चवड्यांवर चालायची आणि ही पोरगी बादल्या उचलून जिने चढायची. शेजारच्या बिल्किसखाला म्हणायच्या, "तुझ्या आईनं तुझी बला स्वतःवर घेतली बघ."

जीभ

सतारीचा भोपळा कोरला, दांडी बसली, पडदे बांधले, तारा ओढल्या, तरी सतार मुकीच असते. तिला बोलती करते ती घोडी. घोडी म्हणजे ज्याच्यावरून तारा जातात तो शिंगाचा चपटा तुकडा, काडेपेटीएवढा. त्याचा माथा सपाट दिसतो पण नसतो. त्याला एक चढ असतो, डोळ्याला न दिसणारा. तार त्या चढाला चाटत थरथरते आणि सुराला झालर येते. त्या झालरीला जवारी म्हणतात. कानस एक हात जास्त फिरली की आवाज पत्र्यासारखा होतो. एक हात कमी पडली तर तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा. त्या दोन्हींच्या मधे जे आहे ते पुस्तकात नाही. उस्तादाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, तो "आता" म्हणेल तो क्षण कानात साठवायचा, आणि असे हजारो "आता" साठले की कधीतरी आपल्याला आतून "आता" ऐकू येतं.

दस्तगीरभाईंना ते ऐकू येत होतं. तहसीनला अजून येत नव्हतं.

जवारी बघायची ती बोटाच्या टोकानं. दस्तगीरभाईंची बोटं फुगून बधिर झाली, तेव्हा त्यांनी जिभेला कामाला लावलं. तहसीन कानस फिरवायची, अंगठ्याला थुंकी लावून घोडीवरची भुकटी पुसायची (पाण्यानं शिंग फुगतं, तेलानं तार घसरते, थुंकीच बरोबर, हे तिच्या आजोबांपासून चालत आलेलं), आणि घोडी त्यांच्या ओठांपाशी धरायची. ते डोळे मिटून जिभेचं टोक चढावरून फिरवायचे.

"उजवीकडं. एक हात."

कानस. अंगठा. जीभ.

"अजून थोडं. थांब. आता."

दिवसातून पन्नासदा हे व्हायचं. बाकी घर नियमानं चाललेलं. पाणी उकळलेलं, ताटं वेगळी, स्वयंपाकाआधी साबणानं कोपरापर्यंत हात. घोडीला कुणी ताट म्हणत नाही.

रक्त

डॉक्टर क्षमा बेडकिहाळ स्वतः डावी टाच उचलून चालायच्या. सांध्यांच्या दवाखान्यात दस्तगीरभाई तिसऱ्या वर्षीही आले, तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारले.

"चाचा, जंतू तुमच्या अंगात नाही. मागच्या वेळीही नव्हता."

"मग हे कोण करतंय?"

"तुम्हीच."

दस्तगीरभाई तहसीनकडं वळले. "ऐकलंस? दुखणं माझं, वर गुन्हाही माझ्याच नावावर."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. रक्तात राखणदार पेशी असतात. एखादा जंतू आत आला की त्या त्याला मारतात, पण त्याआधी त्याच्या चेहऱ्याचा एक तुकडा लक्षात ठेवतात. नाक म्हणा, हनुवटी म्हणा. पुन्हा तो आला तर वेळ घालवायला नको. हीच अंगाची आठवण. लस देतात ती ही आठवण आधीच शिकवून ठेवायला. पण काही माणसांच्या पेशींवर जन्मापासून एक खूण असते. त्या खुणेपायी या जंतूचा तुकडा आणि स्वतःच्या सांध्याच्या अस्तराचा, तळव्याच्या कातडीचा, डोळ्याच्या पडद्याचा तुकडा राखणदाराला सारखाच वाटतो. मग जंतू मेल्यावरही मार चालूच राहतो, घरच्यांना.

"म्हणजे तरफ," दस्तगीरभाई म्हणाले.

"काय?"

"सतारीला खाली बारीक तारा असतात, बाई. त्यांना कुणी हात लावत नाही. वरच्या तारेवर त्यांचा सूर वाजला की त्या आपोआप घुमतात. जंतूनं वरची तार छेडली, खाली माझा गुडघा घुमला."

"हो." डॉक्टरांनी जरा विचार केला. "हो, तसंच."

"पण मग आता वरची तार छेडतंय कोण? जंतू तर गेला म्हणता."

"तेच मी तुम्हाला विचारणार होते. बाकीच्यांचं वर्षभरात निवळलं, माझ्यासारखं टाचेपुरतं उरलं. तुमचं दर पंधरा दिवसांनी भडकतंय. तुम्हाला कुणीतरी पुन्हा पुन्हा जंतू देतंय."

तहसीनचं रक्त त्यांनी तेव्हाच घेतलं, आणि तासाभरानं तिला बसायला सांगितलं. ती मुक्कामी निघाली.

मुक्कामी हा शब्द पुरानंतरचाच. ज्याच्या अंगात जंतू घर करून राहतो, त्याला काही करत नाही, आणि ज्याला त्याचा हात लागेल त्याच्याकडं जातो, असं माणूस. ना ताप, ना सूज. मुक्कामी माणसाची तब्येत गावात सगळ्यांत चांगली असते.

"काढून टाका," तहसीन म्हणाली. "औषध द्या. कुठं असतो तो?"

"पित्ताशयात. कुठलंच औषध त्याला लागू पडत नाही. पित्ताशय काढून बघितलं काही जणांचं, आतड्यात जाऊन बसला."

"बाई, पण ती माझ्या ताटाला शिवत नाही," दस्तगीरभाई मधेच म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "साबण लावून लावून हात सोलवटलेत तिचे. मलम लावते तेव्हासुद्धा हातमोजे असतात. आम्ही नुसतं काम करतो एका ठिकाणी बसून."

"कसलं काम?"

त्यांच्या खिशात घोडी होती. कायम असायची. सुजल्या बोटांनी त्यांनी ती कशीबशी काढून टेबलावर ठेवली. तहसीननं सवयीनं उचलली, अंगठा ओठांना लावला, माथ्यावरून फिरवला, आणि घोडी वडिलांपुढं धरली. दस्तगीरभाईंनी जीभ बाहेर काढली.

"थांबा!" डॉक्टर ओरडल्या.

खोलीत तिघं होती आणि तिघांनाही एकाच वेळी कळलं. तहसीनचा हात तसाच पुढं राहिला. तिला तो खाली घेता येईना.

"मला कुणी विचारलंच नाही," दस्तगीरभाई म्हणाले. "काय खाता विचारलं, काय पिता विचारलं. हे काय खाणं आहे?"

मग डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. आता जंतू थांबला तरी आग थांबणार नव्हती. ती हृदयाच्या झडपेपर्यंत पोचली होती. दाराची बिजागरी गंजावी तशी झडप ताठ होत चालली होती. एखादं वर्ष, फार तर दीड. उपाय एकच होता. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. लोक त्याला विसरलस म्हणतात. लस अंगाला जंतूचा चेहरा शिकवते, विसरलस तो पुसते. त्या एका तुकड्याची आठवण धरणाऱ्या सगळ्या पेशी ती शोधून मारते, आणि नव्या जन्मतील त्यांनाही सांगून ठेवते, याच्याकडं बघायचं नाही.

"म्हणजे तरफेची ती तारच उतरवायची."

"कायमची. पंधरा दिवसांत खवले गळतात, चाचा. बोटं मोकळी होतात. झडपही सुटते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग तुम्ही का नाही घेतली?" तहसीननं विचारलं.

डॉक्टरांनी टेबलाखाली पाय हलवला. "माझा मुलगा मुक्कामी आहे."

विसरलस घेतलेल्या माणसाच्या अंगात हा जंतू पुन्हा शिरला, तर अंग त्याला ओळखत नाही. ओळखायचं नाही असंच त्याला सांगितलेलं असतं. जंतूला कुणी अडवत नाही. म्हणून ज्यांनी ती घेतली ते गाव सोडून दंडोबाच्या डोंगराच्या अंगाला वसवलेल्या निर्मळवाडीत राहतात. खालचं माणूस तिथं जात नाही. तिथलं माणूस खाली येत नाही.

हृदय

"नाही," दस्तगीरभाई म्हणाले. रिक्षात, घरी, दुसऱ्या दिवशी. "बोटं परत घेऊन काय करू? तुला जवारी यायचीय अजून. तिथं बसून माझा कान कुणाला देऊ?"

कान

तहसीनच्या गळ्यात आता मुक्कामीची पिवळी पट्टी होती, आणि ती वेगळ्या खोलीत जेवायची. खवले काढायला दवाखान्यातून एक नर्स यायची, आणि ती फार जोरात तासायची. दस्तगीरभाई ओरडायचे नाहीत. मुलीला ऐकू जाईल म्हणून उशी चावायचे. मुलगी भिंतीपलीकडं बसून ती शांतता ऐकायची.

एका सकाळी त्यांना जिना चढताना मधेच बसावं लागलं. ओठ निळे पडले होते. त्या दिवशी तहसीननं ठरवलं.

दुकानात माळ्यावर एक जुनी सतार होती. पुराआधी कुणीतरी दुरुस्तीला दिलेली, नंतर न्यायला कुणी आलंच नाही. तिच्यावरची घोडी दस्तगीरभाईंनी बोटं चांगली असताना घासली होती. तहसीननं ती काढली, रोजच्या सतारीवर चढवली, तारा मिळवल्या आणि दाराबाहेरूनच हाक मारली.

"अब्बा, ऐका. सकाळी बसून केली. एकटीनं."

तिनं तार छेडली. आत खाट करकरली. तिनं पुन्हा छेडली. सूर उठला, पसरला, कडेकडेनं उजळत गेला आणि विरताना झालरीसारखा हलला.

"आली तुला," आतून आवाज आला.

"मग?"

"मग आता मी मोकळा."

तहसीन भिंतीला टेकून खाली बसली. आपण इतकं सोपं खोटं बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

विसरलस दवाखान्यातच दिली. नंतर त्यांना बंद काचेच्या गाडीत बसवलं. गल्लीतली माणसं कठड्याला धरून उभी होती. कुणीतरी म्हणालं, दस्तगीर वर चालला. बिल्किसखालांनी त्याला झापलं, "नीट बोल रे, निर्मळवाडीला म्हण. लोक फुलं घेऊन यायचे." गाडीतून दस्तगीरभाईंनी फोन लावला. तहसीन रस्त्यापलीकडं उभी होती, तिथून त्यांचे ओठ दिसत होते.

"ती घोडी माझी होती."

काचेआडून ते तिच्याकडंच बघत होते.

"आपला हात माणूस ओळखतो, पोरी. तू छेडलीस तेव्हाच कळलं."

"मग निघालात कशाला?"

"तू कधी खोटं बोलली नाहीस. लहानपणीसुद्धा काच फुटली की आधी येऊन सांगायचीस. म्हटलं, हिला इतकं हवं असेल तर..."

गाडी निघाली. पुढचं वाक्य काचेआड हललं आणि फोनमधे नुसती घरघर आली.

तळवे, पडद्यावरचे

"बघ." त्यांनी पाय फोनसमोर धरला. गुलाबी, गुळगुळीत, तान्ह्या बाळाचा असावा तसा. "बघ, मूठ." बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "इथं सगळे संध्याकाळी अंगणात पाय आपटत फिरतात, टाचा वाजवत. नुसते आनंदानं. म्हातारी माणसं. तू बघशील तर हसशील."

"जेवण कसं आहे?"

"बिनबोटांचं. यंत्रच शिजवतं, यंत्रच वाढतं. कुणाचा हात लागलेला नसतो. चव लागत नाही."

"शिकवता ना मला?"

"घे कानस."

तिनं घासलं, छेडलं.

"पत्रा ऐकू येतोय."

"पत्रा नाहीये अब्बा, इथं वेगळं वाजतंय."

वेगळंच वाजत होतं. फोन माणसाचा आवाज स्वच्छ करून पाठवतो. भोवतीची खरखर गाळतो. जवारीची झालर त्याला खरखरच वाटायची. ती कापून उरलेला सूर तो डोंगरावर पोचवायचा. मग तिनं घोड्याच पाठवून बघितल्या. वाडीच्या वेशीवर प्रत्येक वस्तू जंतू मारणाऱ्या किरणांखालून जायची, आणि त्या किरणांनी शिंग भाजल्यासारखं व्हायचं, चढ मोडायचा. दस्तगीरभाईंच्या हातात पोचायचं ते तिचं काम नसायचंच.

वर्ष गेलं. बोलण्यात जवारीचा विषय कमी झाला. ते हवेबद्दल बोलायचे. ती जेवलात का विचारायची.

पाय

दुपारची वेळ. गल्लीत पावलं वाजली आणि तहसीनचा हात थांबला. टाच आधी, मग चवडा. टाच, चवडा. असं चालणारं माणूस या गल्लीत तिच्याशिवाय उरलं नव्हतं. पावलं दुकानासमोर थांबली तरी तिला ओळख पटेना. बापाची पावलं तिच्या कानात होती ती घसटणारी.

"तहसीन."

तिनं उठून आधी कडी घातली. हात तिच्याही आधी उठले होते.

"परत जा."

"दार तरी उघड. चालत आलोय. सगळा डोंगर उतरून."

"अब्बा, परत जा! आत्ताच्या आत्ता. कशाला हात लावू नका. कठड्याला हात लावलात का?"

"कठडा कशाला लागतोय मला?" बाहेरून हसल्याचा आवाज आला. "सगळे बघत होते. पोरं मागून चालत आली. त्यांनी कधी टाच टेकवून चालणारा म्हातारा बघितलाच नाही."

"तुम्हाला सोडलं कसं वेशीवरून?"

"तिथं बाहेरून येणाऱ्याला अडवतात. जाणाऱ्याला कोण अडवतोय? कुणी जातच नाही."

तिनं दाराला पाठ लावली. दार जुन्या सागाचं, जाड. पलीकडून त्यांनीही पाठ टेकली असावी. फळी किंचित दबली. आतून रडू येत होतं आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला.

"वाटेत काही खाल्लंत?" तिनं शेवटी विचारलं.

पलीकडं ते दाराला टेकूनच पायरीवर बसले.

"चहा प्यालो. स्टँडसमोरच्या टपरीवर. बशीत ओतून. तलब आली, काय करू? वर्षभर कुणाच्या हातचा चहा नाही."

स्टँडसमोरच्या टपरीवाल्याची टाच दुखत नाही, हे सगळ्या मिरजेला माहीत होतं. त्याच्या गळ्यात नियमाप्रमाणं मुक्कामीची पिवळी पट्टी असते. ती दुरून दिसते. दस्तगीरभाईंना दिसली नसेल, असं होणार नव्हतं. तहसीननं ते विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर बेडकिहाळ अंगभर पांढरा झगा घालून, मुलाला घरी ठेवून, लंगडत आल्या. पायरीवर बसलेल्या दस्तगीरभाईंच्या जिभेवर त्यांनी एक पट्टी ठेवली. दाराच्या फटीतून तहसीन बघत होती. पट्टी निळी झाली. जंतू आत शिरला होता.

"यावर काही उतारा?" तहसीननं फटीतून विचारलं.

"नाही. काहीच नाही." डॉक्टर दाराकडं वळल्या नाहीत. "आणि आता यांना वर नेता येणार नाही. तिथं चारशे माणसं आहेत."

"किती दिवस?"

"आठवडा. कमी-जास्त."

दस्तगीरभाई पायरीवर पाय पसरून बसले होते, दोन्ही टाचा उन्हात ठेवून.

"बाई," ते म्हणाले, "म्हणजे आता पोरीनं दार उघडलं तर?"

डॉक्टरांनी झग्याची टोपी मागं केली. "आता काही फरक पडत नाही, चाचा."

तहसीननं कडी काढली.

कपाळ

मांडीला मांडी लावून. कानस, अंगठा, आणि आता जीभ नाही, त्यांचं बोट. ते मोकळं झालेलं तर्जनीचं टोक घोडीच्या माथ्यावरून जायचं आणि ते म्हणायचे, "एक हात. अजून. आता." तिचा अंगठा, त्यांचं बोट. दुपारचा चहा एकाच किटलीतला. ते पोटभर जेवायचे, आणि ती वाढते म्हणून जास्तच जेवायचे. सकाळी नळावर जाऊन पाण्याची बादली तेच उचलून आणायचे. बिल्किसखाला दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, माशाल्ला, दहा वर्षांनी लहान झालास.

तहसीन झोपेतून उठली की आधी त्यांच्या कपाळावर हात ठेवायची. कपाळ थंड असायचं. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं: ताप जंतू आणत नाही, अंग आणतं. सूज म्हणजे अंगाचं भांडण. दुखणं म्हणजे अंगानं मारलेली हाक. ज्याला जंतूची ओळखच नाही ते अंग हाक मारत नाही. आत सगळं भरत जाईल, रक्त, यकृत, झडपा, आणि बाहेर काहीही कळणार नाही. त्यांना शेवटपर्यंत छान वाटेल.

ती त्यांचे पाय बघायची. एखादा फोड. एखादा खवला. तळव्यावर काहीच उगवत नव्हतं. ज्या सालींना ती तीन वर्षं रोज सकाळी शिव्या देत आली, त्यांतली एक तरी दिसावी म्हणून ती नमाजानंतर हात वर करायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी तिनं कानस उचलून बाजूला ठेवली. त्यांनी "आता" म्हटलं नव्हतं. तिनंच ठेवली. तार छेडली, आणि दुकानभर सूर उघडला. पत्रा नाही, पाणी नाही. दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. चेहरा असा काही फुलला की आई गेल्यापासून तिनं तसा बघितला नव्हता.

"आली," ते म्हणाले. "खरंच आली की गं. पुन्हा छेड."

तिनं छेडली नाही. तिनं सतार मांडीवरून उतरवून त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि एकेक पेर दाबत गेली. करंगळी, अनामिका, मधलं बोट. मऊ, सडपातळ, निरोगी.

"दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"कुठंच नाही. हा हात कधी दुखला होता हेसुद्धा आठवत नाही बघ."

ती आणखी जोरात दाबत राहिली.